लाख, डबा आणि घरचा रंगारी

घरातल्या लाकडी सामानाला घरच्याच माणसाने रंग देण्याची रीत कधी सुरू झाली, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: तयार रंगाचे डबे दुकानात मिळू लागले तेव्हा. हे उत्तर चटकन पटते. रंगद्रव्य वाटायचे, अळशीचे तेल उकळायचे, प्रमाण जुळवायचे, गाळायचे, हा सगळा व्याप कारखान्याने अंगावर घेतला. झाकण उघडून काडीने ढवळायचे आणि ब्रश बुडवायचा एवढेच काम उरले, मग कोणीही रंगारी व्हावे यात नवल काय? पण सनावळी या उत्तराच्या विरुद्ध साक्ष देते. तयार मिसळलेल्या ऑइलपेंटचे पेटंट अमेरिकेत 1867 साली घेतले गेले. इंग्लंडमध्ये मात्र घरी बसून पेट्या, आरशांच्या चौकटी, लहानमोठी कपाटे रंगवणारी हौशी माणसे त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी होती. तेव्हा डब्याला या हौसेचा जनक म्हणता येत नाही. माझ्या मते हौशी रंगारी जन्माला आला तो दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे. एक, नवख्या हातालाही दाद देणारे द्रव्य. दुसरी, पेशाच्या चार भिंतींतून बाहेर पडलेली विद्या. यातले द्रव्य आपल्या देशातून गेले होते, म्हणून या गोष्टीशी आपला संबंध बराच जुना आहे. पुढे डबा आला तेव्हा त्याने पहिली गोष्ट आणखी सोपी केली आणि दुसरी हळूच काढून घेतली.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या श्रीमंत घरांना पूर्वेकडच्या चकचकीत, काळ्याभोर, सोनेरी नक्षीच्या लाकडी सामानाचे वेड लागले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हे सामान चीन आणि आजूबाजूच्या बंदरांतून येई. 1700 सालाच्या सुमारास लंडनच्या सुतारांच्या संघाने पार्लमेंटकडे गाऱ्हाणे घातले की या आयातीने आमच्या पोटावर पाय येतो आहे, आणि चार वर्षांत काय काय आले याची यादीच जोडली. तीत 244 कपाटे, 428 पेट्या, 52 पडदे आणि तब्बल 6,582 चहाची टेबले आहेत. गाऱ्हाणे घालणारा आकडा फुगवतो हे धरून चालले, तरी मागणीचा अंदाज यावरून येतो. आता हे सामान इंग्लंडमध्येच का बनेना? कारण त्याचा जीव ज्या द्रव्यात होता ते द्रव्य प्रवासाला तयार नव्हते. चीन-जपानमधल्या एका झाडाच्या खोडाला चिरा देऊन जो चीक काढतात, तोच त्या सामानावरचा रंगलेप. हा चीक वाळतो तो कोरड्या हवेत नाही, दमट हवेत. कच्चा असताना कातडीला लागला तर अंगावर पुरळ उठते. आणि महिनोन् महिन्यांच्या समुद्रप्रवासात तो टिकायचा नाही. युरोपला वस्तू मिळत होती, तिचे मूळ द्रव्य मिळत नव्हते. त्यामुळे त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काहीतरी शोधणे भाग होते, आणि ते सापडले आपल्याकडच्या लाखेत.

लाख म्हणजे एका बारीक किड्याने पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर तयार केलेली राळ. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या पळसांवर आजही ती घेतात. तिचा लाकडाला होणारा उपयोग आपल्याकडे फार जुना, पण त्याची नीट लिहिलेली साक्ष हवी तर गोव्यात शोधावी लागते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथात लाखेवर एक वेगळा संवाद आहे. त्यानंतर वीस वर्षांनी यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून तिथे पाच वर्षे राहिला. 1596 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात त्याने कातारी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लाखेने लाकूड कसे रंगवतात याचे वर्णन केले आहे. लाख कुटून वितळवायची, तीत तांबडा, पिवळा, हिरवा, काळा असा हवा तो रंग कालवायचा आणि तिच्या कांड्या वळायच्या. मग पलंगाचा खूर किंवा खुर्चीचा पाय यंत्रावर गरगर फिरत असताना ही कांडी त्यावर दाबून धरायची. घासण्याने ऊब येते, उबेने लाख पाघळते आणि फिरत्या लाकडाला चिकटत जाते. मग कठीण बोरूसारख्या काडीने ती सारखी पसरायची आणि शेवटी घोटून चमक आणायची. केवड्याच्या पानाने घोटण्याची कोकणातली पद्धत माहीत असलेल्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. या रीतीत ना ब्रश आहे, ना वाळण्याची वाट पाहणे. काम झटपट होते आणि रंग लाकडाचाच होऊन बसतो.

पण याच रीतीची मर्यादा आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे. फिरते यंत्र हवे, ते दोरीने ओढायला बहुधा दुसरा माणूस हवा, कांडी किती दाबायची याचा अंदाज हवा. कमी दाबली तर लाख पसरत नाही, जास्त दाबली तर जळते. शिवाय गोल वस्तूच रंगवता येते. कपाटाचे दार किंवा पेटीचे झाकण फिरवणार कसे? हे काम कातारी करणार आणि इतरांनी बघत राहायचे, असेच ते होते. लाख आच देऊन वितळवायची असली की ती कारागिराच्या हातात राहते.

इंग्लंडमध्ये तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवली गेली, आणि सगळे बदलले. 1688 साली ऑक्सफर्डला जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर यांनी जपानी पद्धतीच्या रंगकामावर एक जाडजूड पुस्तक छापले. त्याच्या शेवटी नक्षीचे नमुने म्हणून 24 चित्रपाने होती. पुस्तकाचा गाभा म्हणजे कृती. गॅलनभर तेज स्पिरिटला दीड पौंड दाणेदार लाख, एक-दोन दिवस मुरवायची, मधूनमधून हलवत राहायची, मग फ्लॅनेलच्या पिशवीतून गाळून बाटलीत भरायची. स्पिरिट चांगले की पाणीदार हे कसे ओळखायचे? चमच्यात थोडी बंदुकीची दारू घ्या, वर स्पिरिट ओता आणि पेटवा. स्पिरिट जळून गेल्यावर दारू भडकली तर माल खरा. विझून ओली राहिली तर त्यात पाणी आहे. काळा रंग हवा तर काजळी घाला, पातळ हात मारा, उबदार खोलीत वाळू द्या, पुन्हा हात मारा. असे कित्येक हात झाले की काही दिवस वस्तू बाजूला ठेवायची आणि मग मऊ फडक्याने, पाण्यात कालवलेल्या बारीक भुकटीने घासत आरशासारखी चमक आणायची. पाककृतीच्या पुस्तकात असावी तशी ही भाषा आहे. माप, क्रम, खूण आणि चुकले तर काय दिसेल, सगळे सांगितलेले. लेखक बढाईखोर आहेत हे खरे. पूर्वेच्या चित्रकारांची प्रमाणे जिथे लंगडी होती तिथे आम्ही ती जरा सावरली, असे ते ज्या थाटात सांगतात ते वाचून हसू येते. पण कृती त्यांनी हातचे न राखता दिली आहे.

स्पिरिटमधली लाख नवशिक्याला का मानवते, हे तेलरंगाशी ताडून पाहिले की कळते. अळशीच्या तेलातला रंग वाळायला दिवस घेतो. तोवर धूळ बसते, माशी चिकटते, बोट लागते. लाखेतले स्पिरिट बघता बघता उडून जाते आणि हात सुकतो. एक हात बिघडला तर वरून दुसरा देता येतो, आणि फारच बिघडले तर पुन्हा स्पिरिटनेच सगळे पुसून नव्याने सुरुवात करता येते. सपाट फळीवर चालते, कोरीव चौकटीवर चालते. भट्टी नको, यंत्र नको, मदतनीस नको. लागतात त्या बाटल्या, मऊ ब्रश, शेकोटीची ऊब आणि भरपूर चिकाटी. म्हणजे ही कामगिरी बैठकीच्या खोलीत, जेवणानंतरच्या मोकळ्या वेळात करता येण्याजोगी होती, आणि तशीच ती झाली.

पुस्तक हा आरंभ होता असे मात्र नाही. त्याआधी शिकवण्या सुरू होत्या. व्हर्नी या इंग्लिश घराण्याचा पत्रव्यवहार जपला गेला आहे, त्यात 1680च्या दशकातले एक पत्र आहे. एडमंड व्हर्नीची लहानगी मुलगी मॉली चेल्सीच्या मुलींच्या शाळेत होती. तिने जपानी रंगकाम शिकायची इच्छा कळवली आणि बापाने आनंदाने होकार दिला. खर्चही त्याने लिहून ठेवला आहे: प्रवेशाची एक गिनी आणि सामानाला वर चाळीसेक शिलिंग. म्हणजे एकूण तीन पौंडांच्या आसपास. त्या काळी लंडनमधल्या मोलकरणीला वर्षाचा रोख पगार दोन ते चार पौंड मिळे. छंद कोणाचा होता हे यावरून कळते. पण दुसरी एक गोष्टही कळते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. सुताराच्या किंवा रंगाऱ्याच्या हाताखाली सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय जी विद्या मिळत नसे, ती इथे फी भरून एका शाळकरी मुलीला मिळत होती. तिला त्यावर पोट भरायचे नव्हते, म्हणून संघाने तिला अडवायचे कारण नव्हते. पुस्तकाच्या लेखकांनी अर्धवट ज्ञानावर सभ्य घरच्या मुलींना शिकवत फिरणाऱ्या भोंदूंवर तोंडसुख घेतले आहे. भोंदू फिरत होते म्हणजे शिकणाऱ्याही पुष्कळ होत्या. पुढे 1729 साली मेरी पेंडार्व्हिस, म्हणजे नंतरच्या मिसेस डिलेनी, बहिणीला लिहितात की जो तो या रंगकामाने वेडा झाला आहे आणि मीही त्यात लवकरच तरबेज होईन. चाळीस वर्षे टिकलेल्या गोष्टीला लाट म्हणणे अवघड आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो फॅशनचा. लोकांना जपानी थाटाचे सामान हवे होते, विकतचे महाग पडत होते, म्हणून त्यांनी घरी नक्कल केली. यात द्रव्याचा आणि विद्येचा एवढा बाऊ कशाला? पण हव्याशा वाटणाऱ्या वस्तू इतरही होत्या. चिनी मातीच्या भांड्यांचे वेड याहून मोठे होते. ती भांडी कोणी घरी बनवली नाहीत, कारण बनवता येत नव्हती. सॅक्सनीच्या सत्ताधीशाने माणूस कोंडून ठेवून प्रयोग करवून घेतले तेव्हा कुठे 1710 साली माइसनचा कारखाना उभा राहिला. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या छापील सुती कापडावर युरोपातल्या बायका जीव टाकत, पण त्याचा पक्का रंग त्यांना घरी साधला नाही. फॅशन इच्छा जागी करते. इच्छेला हात फुटायला साधन लागते. रंगवलेल्या लाकडाच्या बाबतीत ते साधन लाखेने आणि पुस्तकाने दिले, म्हणूनच त्याच फॅशनमधली ही एक शाखा घराघरांत शिरली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूठभर श्रीमंत मुलींच्या छंदावरून घरच्या रंगकामाचा इतिहास कसा लिहिणार? भरतकाम, संगीत, चित्रकला यांच्या रांगेतलीच ही एक शोभेची कला; सामान्य माणूस त्यात कुठे आहे? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. मॉलीच्या पेटीचा आणि शेतकऱ्याच्या बाकाचा संबंध नव्हता. पण विद्या बाहेर पडल्याचा परिणाम श्रीमंतांच्या दिवाणखान्यापाशी थांबला नाही, याला धंद्याच्या आतूनच पुरावा मिळतो. 1730च्या दशकात लंडनमध्ये अलेक्झांडर एमर्टन नावाचा रंगविक्या होता. तो तेलात घोटलेले रंग विकताना सोबत छापील सूचना देई आणि जाहिरात करी की या सूचना वाचून घरचे नोकरच रंग लावू शकतील. 1747 साली रॉबर्ट कॅम्बेलने लंडनच्या धंद्यांवर एक मार्गदर्शक लिहिला, मुलाला कोणत्या धंद्यात घालावे हे आईबापांना कळावे म्हणून. घररंगाऱ्यांबद्दल त्याचे मत निराशेचे आहे. रंगाच्या दुकानदारांनी घोड्यांच्या चक्क्या बसवल्या, त्यांवर रंग घोटून ते स्वस्तात तयार विकू लागले, आणि चार छापील ओळींच्या आधाराने साधा मजूरही घर रंगवतो. गुपित उघड झाल्यावर खर्च एक तृतीयांशावर आला, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. तयार द्रव्य आणि छापील विद्या, या दोन्ही गोष्टींची नोंद एका तक्रारखोर समकालीनाने एकाच दमात केली आहे, तीही टिनच्या डब्यापूर्वी सव्वाशे वर्षे. घरमालक स्वतः ब्रश धरत नव्हता, नोकर धरत होता, हे खरे. तरीही रंगाऱ्याला बोलावण्याची सक्ती संपली होती.

आता तिसरा आक्षेप, आणि मराठी वाचकाच्या मनात तो पहिल्यापासून असणार. लाख आपली, कारागिरी आपली, मग हा छंद आपल्या घरांत का रुजला नाही? सोपे उत्तर जातीचे आहे: सुताराचे काम सुताराने, काताऱ्याचे काताऱ्याने, चिताऱ्याचे चिताऱ्याने. या उत्तरात तथ्य आहेच. पण तेवढ्याने भागत नाही, कारण रंगवण्याला आपल्या घरांत कधीच बंदी नव्हती. रांगोळी दारोदार निघत होती, गेरूचे पट्टे ओढले जात होते, लग्नघराच्या भिंतीवर चित्रे काढली जात होती, आणि हे सगळे घरच्याच बायका करत होत्या. तिथे द्रव्य कोणालाही मिळणारे होते आणि विद्या आईकडून मुलीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे मोकळी फिरत होती. लाकडाच्या रंगाला या दोन्ही गोष्टींची वानवा होती. लाख आचेवर चालणारी, म्हणून यंत्राशी आणि भट्टीशी बांधलेली. आणि तिची विद्या घराण्यात कोंडलेली. जात हे कुलूप होते हे मान्य. पण ते कोणत्या दाराला लावता आले आणि कोणत्या दाराला नाही, हे द्रव्याने ठरवले.

सावंतवाडीचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथल्या चिताऱ्यांनी पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे, खेळणी आणि गंजिफा अशा वस्तू रंगवल्या आणि त्यांवर लाखेचा हात दिला. दशावतारी गंजिफाच्या 120 गोल पत्त्यांवरचे काम पाहिले की ब्रशावर या लोकांची किती हुकूमत होती ते कळते. म्हणजे सपाट वस्तूवर ब्रशाने रंगवण्याची कला कोकणात होती. नव्हती ती शिकण्याची उघडी वाट. परिणाम असा की विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागणी ओसरली तेव्हा गंजिफा जाणणारे हात जवळजवळ संपत आले. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम शिकवण्याची सोय केली, म्हणून ती कला तगली. राजाश्रयाने कला वाचली असे याचे वर्णन नेहमी केले जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बापाकडून मुलाकडेच जाणारी विद्या पहिल्यांदा वर्गात आली, आणि ती आली तेव्हाच टिकली. स्टॉकर-पार्करच्या पुस्तकाने जे काम छपाईने केले, त्याचा छोटा अवतार इथे तीनशे वर्षांनी झाला, एवढे म्हणायला हरकत नसावी.

एकोणिसाव्या शतकावर फार रेंगाळायचे कारण नाही. शतकाच्या सुरुवातीला लाखेला कापसाच्या बोळ्याने घोटण्याची फ्रेंच पॉलिशची रीत युरोपात पसरली आणि साहेबाच्या सामानासोबत मुंबईतही आली. शिसवी खुर्च्या-टेबलांवरची तिची खोल चमक आपण अजून जुन्या वाड्यांतून पाहतो. आपलीच लाख स्पिरिटमध्ये बसून घरी परत आली होती, पण आली ती पॉलिशवाल्याच्या हातात. घरच्या माणसाने ती हाताळावी असे सांगणारे कोणी नव्हते. तिकडे इंग्लंडमध्ये जपानी थाटाचे वेडही तोवर मावळले होते; मुली आता पुस्तकातली चित्रे कापून पेट्यांवर चिकटवत आणि वरून लाखेचे हात देत. त्यासाठी रॉबर्ट सेयरने 1760च्या सुमारास दोनशे चित्रपानांचे पुस्तकच बाजारात आणले होते.

मग आला डबा. अमेरिकेत 1860च्या दशकानंतर कारखान्यात मिसळलेला तेलरंग टिनच्या डब्यातून विकला जाऊ लागला आणि पुन्हा घट्ट बसणाऱ्या झाकणाने त्याचे भाग्य उजळले. उरलेला रंग पुढच्या वर्षी वापरता येऊ लागला. भारतात हावड्याला शालिमारचा कारखाना 1902 साली उभा राहिला. मुंबईत 1942 साली चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला, हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला, कपाळावर झुलूप आलेला खट्याळ गट्टू हा तिचाच. या कंपनीचा जम कसा बसला हे सांगताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते, ती पोळ्याची. बैलांची शिंगे रंगवायला शेतकऱ्याला मोठा डबा नको होता, चिमूटभर पण झगझगीत रंग हवा होता. लहान डब्यांनी ती गरज भागवली आणि कंपनी खेडोपाडी पोचली. मला ही गोष्ट आवडते, कारण ती आपल्या मुद्द्याला नेमकी लागू पडते. बैलाची शिंगे रंगवायला कोणी पेंटर बोलावत नाही. तयार, स्वस्त, लहान मापाचा रंग हाती आला की घरधनी स्वतः ब्रश धरतो. शिंगे झाल्यावर डब्याच्या तळाशी जे उरे ते कुठे जाणार? दाराच्या चौकटीला, पाटाला, पाळण्याला, देव्हाऱ्याला. गणपती-दिवाळीच्या आधी घरातल्या लाकडाला एक हात मारून घेण्याची आपल्याकडची सवय अशीच वाढली. काचपेपरने घासायचे, भेगांत लांबी भरायची, दोन हात द्यायचे. आणि पुढल्या सणाला त्यावरच पुन्हा दोन हात.

डब्याचे समर्थक इथे म्हणतील की हीच खरी लोकशाही. मॉलीला तीन पौंड लागले, शेतकऱ्याला काही आण्यांत काम झाले. हे म्हणणे खरे आहे आणि त्याला उत्तर नाही. पण 1688चे पुस्तक वाचणाऱ्या मुलीला आपण काय लावतो आहोत हे माहीत होते. स्पिरिट कसले, लाख कोणती, काजळी कुठली, सगळे तिने स्वतः बाटलीत घातले होते. डब्यावर कंपनीचे नाव होते, रंगाचे नाव होते. आत काय आहे हे नव्हते. आणि आत शिसे होते. सफेदा म्हणजे शिशाचाच क्षार. पिवळ्यात शिशाचे क्रोमेट, तांबडा-नारिंगीतही तेच, हिरवा पुष्कळदा त्याच पिवळ्यात निळा मिसळून केलेला, रंग लवकर वाळावा म्हणून घातलेल्या द्रव्यांतही शिसे. आपल्याला शिशाचा रंग नवा नव्हता, मारुतीचा शेंदूर म्हणजे शिसेच; पण शेंदूर पाळण्याच्या कठड्याला कोणी फासत नसे आणि दात येणारे मूल तो कठडा चावत बसत नसे.

शिसे घातक आहे हे जगाला उशिरा कळले अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. रंगाऱ्यांना होणारी शिशाची पोटदुखी वैद्यांना कित्येक शतके माहीत होती. 1921 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठराव केला की इमारतींच्या आतल्या भागाला सफेदा लावू नये आणि स्त्रियांना व 18 वर्षांखालील मुलांना कारखानदारी पद्धतीच्या अशा रंगकामावर ठेवू नये. ठराव कामगारासाठी होता. स्वतःच्या घरी स्वतःची खुर्ची रंगवणारी बाई त्याच्या कक्षेत येतच नव्हती. ती धंद्यातली नव्हती हेच तिचे तीनशे वर्षांपूर्वीचे भाग्य होते. आता तेच तिला भोवले. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर 1978 साली बंधन आणले. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत 90 भाग अशी ठरवणारे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आले. मधल्या काळात आपल्या घरांतल्या पाट-चौरंगांवर किती सणांचे किती हात चढले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

कोणी म्हणेल, हे कारखान्याच्या मालाचे दूषण झाले, घरच्या रंगकामाच्या इतिहासाशी त्याचा काय संबंध? संबंध असा की घरच्या रंगकामाचा पाया विद्या उघड होण्यावर उभा होता, आणि डब्याने ती पुन्हा झाकून ठेवली. पूर्वी गुपित काताऱ्याच्या घराण्यात असे, आता ते कारखान्यात गेले. हात मोकळे झाले, डोळे बांधले गेले. म्हणून मी डब्याला शोधक मानत नाही आणि खलनायकही ठरवत नाही. तो या गोष्टीतला फार यशस्वी पण उशिरा आलेला सौदागर आहे. ज्या लाखेने हा छंद उभा केला ती मात्र इतकी निरुपद्रवी की आज गोळ्या-औषधांवर आणि मिठाईवर तिचाच पातळ लेप असतो. ती अजूनही बाजारात मिळते, स्पिरिटमध्ये अजूनही तशीच विरघळते, आणि घरच्या पाटाला, पेटीला, पुस्तकांच्या कपाटाला पुरेशी आहे. पाणी आणि गरम भांडे यांपुढे ती टिकत नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलाला लावू नये, एवढे पथ्य सांभाळावे.

आणि घरात 2017 पूर्वी रंगवलेला जुना पाळणा, पाट किंवा देव्हारा असेल आणि त्याला यंदा नवा हात द्यायचा बेत असेल, तर तो कोरडा घासू नका आणि जुना रंग आचेवर जाळून काढू नका. पाण्याचा काचपेपर घ्या, लाकूड ओले ठेवून घासा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका, निघालेला चिखल ओल्या फडक्याने पुसून फडक्यासकट बांधून टाका, आणि नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिले आहे ते वाचून मगच पैसे मोजा.